रथ कोणता खरा?

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र गेल्या महिन्यांत आम्हांस आलें. हा गृहस्थ आज वीस वर्षें कॅलिफोर्नियांत एंजिनियर म्हणून आहे. पुण्यास कॉलेजांत असतां त्याच्या खोलीच्या भिंतीवर देवादिकांच्या तसबिरींऐवजीं वेगवान् मोटारींचीं चित्रें लाविलेलीं असत, आणि त्याबद्दल वसतिगृहाच्या रेक्टरांचीं बोलणींही त्यानें पुष्कळदां खाल्लीं होतीं. आतां संसाराची जबाबदारी बहुतेक उरकली आहे, गांठीला चार पैसे आहेत. तेव्हां त्या चित्रांपैकीं एक तरी आपल्या दारांत प्रत्यक्ष उभें असावें, अशी त्याची इच्छा आहे. त्याच्यापुढें पर्याय दोन : जुनी इटालियन मोटार घ्यावी, कीं जुनी जपानी? पत्राच्या शेवटीं तो लिहितो : "सर, कोणती फायद्याची तें बाजार सांगतो, कोणती घेणें योग्य, तें मात्र सांगत नाहीं. तर्कशास्त्राच्या तासाला तुम्ही आम्हांला पुष्कळ छळलें. आतां आमची पाळी."

मोटारींच्या बाबतींत आमचा अधिकार शून्य आहे. आमच्या लहानशा गाडीच्या एंजिनाचें झांकण उघडण्याचा प्रसंग आला, तर आम्ही शेजाऱ्यास हांक मारतों. परंतु प्रश्न नीट न्याहाळला तेव्हां तो मोटारींचा नसून मनुष्य आणि वस्तु यांच्या संबंधाचा आहे, असें आम्हांस दिसून आलें. एखादी वस्तु जपावयाची म्हणजे तिच्यांतील नेमकें काय जपावयाचें? तिचें द्रव्य, तिची आकृति, कीं तिचें कार्य? आणि जो ती जपतो, त्याचें तिच्याशीं नातें मालकाचें कीं आणखी कसलें? हे प्रश्न मूर्तींविषयीं, ग्रंथांविषयीं, वाड्यांविषयींही विचारतां येतील. मोटारीच्या उदाहरणानें ते अधिक टोंचतात, कारण मोटार ही धांवण्यासाठीं केलेली वस्तु आहे, आणि संग्रहांत शिरली कीं तिचें धांवणेंच प्रथम बंद होतें. या निमित्तानें आम्ही महिनाभर बरेंच वाचन केलें. त्यांतील थोडी माहिती वाचकांनीं आधीं सोसावी, ही विनंति.

प्रथम इटलीची बाजू घेऊं. संग्राहकांच्या जगांत अत्यंत आदरानें जिचें नांव घेतलें जातें ती मोटार म्हणजे फेरारीची '२५० जीटीओ'. उत्तर इटलींतील मारानेल्लो येथील कारखान्यांत १९६२ ते १९६४ या काळांत अशा मोटारी अवघ्या ३६ झाल्या. बारा सिलिंडरांचें तीन लिटरांचें एंजिन, सुमारें तीनशें अश्वशक्ति, आणि हातोडीनें ठोकून घडविलेलें अल्युमिनियमचें कवच, असा तिचा थाट. १९६२, १९६३ व १९६४ अशीं लागोपाठ तीन वर्षें तिनें आपल्या वर्गाचें आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. नांवांतील 'ओ' हें अक्षर 'ओमोलोगातो', म्हणजे शर्यतीस नियमानुसार मान्य झालेली, या इटालियन शब्दाचें आहे. येथें एक गंमत आहे. त्या वेळच्या नियमाप्रमाणें अशा शंभर गाड्या व्हावयास हव्या होत्या. तेवढ्या कधींच झाल्या नाहींत. परंतु ही गाडी नवी नव्हेच, आमच्या जुन्याच '२५० जीटी'ची ही सुधारलेली आवृत्ति आहे, अशी भूमिका कारखान्यानें घेतली आणि ती मान्य करून घेतली. पुढें १९६४ सालीं नव्या धाटणीचें कवच निघालें, तेव्हां आधींच्या गाड्यांपैकीं चार गाड्यांस तें चढविण्यांतही आलें. हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. त्याचा उपयोग पुढें होणार आहे.

जपानच्या बाजूस 'टोयोटा २००० जीटी' ही मोटार त्याच मानाची. ती टोकियोच्या प्रदर्शनांत १९६५ सालीं प्रथम दिसली आणि १९६७ ते १९७० पर्यंत तिचें उत्पादन झालें. नमुन्यादाखल केलेल्या धरून अशा ३५१ गाड्या झाल्याचें सांगतात. ती घडविण्यांत टोयोटाची भागीदार होती यामाहा, म्हणजे जिचा आरंभ १८८७ सालीं बाजाच्या पेट्यांच्या कामापासून झाला तीच संस्था. सहा सिलिंडरांचें दोन लिटरांचें एंजिन आणि दीडशें अश्वशक्ति, एवढीच तिची ताकद. परंतु चालकापुढील फळी मात्र पियानोचें लांकूड हाताळणाऱ्या कारागिरांनीं केलेली. १९६६ च्या ऑक्टोबरांत याताबे येथील मार्गावर तिला अठ्ठ्याहत्तर तास अखंड पळविण्यांत आलें. ताशीं दोनशें किलोमीटरांहून अधिक सरासरी राखून तिनें तीन जागतिक आणि तेरा आंतरराष्ट्रीय विक्रम केले. स्वस्त आणि कामचलाऊ गाड्या करणारें राष्ट्र, ही त्या काळीं जगाची जपानविषयींची समजूत. ती खोडून काढण्यासाठीं, फायद्याची फारशी आशा न धरतां, केलेली ही गाडी होती.

आतां किंमती पाहूं. '२५० जीटीओ' नवी होती तेव्हां अमेरिकेंत सुमारें अठरा हजार डॉलरांस मिळे, आणि '२००० जीटी' सात हजारांच्या आसपास. २०१३ सालीं अमेरिकेंतील एका लिलावांत एक '२००० जीटी' साडेअकरा लक्ष डॉलरांवर गेली. २०१८ च्या ऑगस्टांत मॉन्टेरे येथें एक '२५० जीटीओ' ४ कोटि ८४ लक्ष डॉलरांस विकली गेली. म्हणजे इटालियन गाडी जपानी गाडीहून दुर्मिळ दहापट, पण महाग सुमारें बेचाळीस पट. यावरून एक गोष्ट उघड होते. संग्राहक केवळ दुर्मिळतेची किंमत देत नाहीं. दुर्मिळतेपलीकडचें कांहीं तरी तो विकत घेऊं पाहतो. तें काय?

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं एका विशिष्ट गाडीचा इतिहास सांगण्यासारखा आहे. त्या छत्तिसांपैकीं एक '२५० जीटीओ' शर्यतीचे दिवस संपल्यावर टेक्सासमधील व्हिक्टोरिया गांवच्या एका हायस्कुलास १९६० नंतरच्या त्या दशकांत देणगी म्हणून मिळाली. मोटारदुरुस्तीच्या वर्गांतील मुलांनीं तिच्यावर हात चालवावा, हा हेतु. १९७२ सालीं शाळेनें ती साडेसहा हजार डॉलरांच्या सुमारास विकली. नव्या मालकाकडे ओहायो संस्थानांत ती पुढें कित्येक वर्षें एका उघड्या ट्रेलरवर, शेताच्या कडेला, ऊनपाऊस खात पडून होती. आज ती कोट्यवधि डॉलरांची मालमत्ता आहे. शाळेंत असतांना आणि शेतांत असतांना तिचें द्रव्य तेंच होतें, आकृति तीच होती, जिंकलेल्या शर्यतीही त्याच होत्या. बदललें तें माणसांचें मन. १९८८ च्या ऑगस्टांत एन्झो फेरारी वारले आणि त्यांनीं घडविलेल्या गाड्यांच्या किंमती भडकल्या, दोनचार वर्षांत त्या कोसळल्या, पुन्हां चढल्या. जपानी गाड्यांचेंही तेंच. अमेरिकेंत पंचवीस वर्षांहून जुनी परदेशी मोटार आणण्यास सुरक्षिततेच्या नियमांची आडकाठी राहत नाहीं. त्यामुळें १९८९ सालची निसानची 'स्कायलाइन जीटी-आर' २०१४ सालीं त्या देशांत उतरूं लागली, आणि ज्या पिढीनें बाळपणीं ती संगणकाच्या खेळांत पळविली होती ती पिढी आतां पैसे घेऊन उभी राहिली. सारांश, किंमत ही गाडीची मोजदाद नसून गिऱ्हाइकाच्या बाळपणाची मोजदाद आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या भिंतीवरील चित्रें हीच त्याच्या बाजारभावाची जननी. यांत पाप कांहीं नाहीं. मात्र तिला वस्तूचें मोल समजणें ही चूक होईल.

संग्राहकांस विचारलें तर ते निराळें उत्तर देतात. ते म्हणतात, इटालियन मोटारीला आत्मा आहे, जपानीला केवळ गुण आहेत. हें विधान आम्हांस इतक्या ठिकाणीं आढळलें कीं त्याचा परामर्ष घेणें भाग आहे. आत्म्याची खूण कोणती म्हणून पाहूं गेलें तर बहुधा असें दिसतें कीं ती तापते, रुसते, थंडीच्या दिवशीं लवकर सुरू होत नाहीं, आणि तिच्या दुरुस्तीला ठराविक माणूसच लागतो. १९९० सालीं होंडानें 'एनएसएक्स' ही मोटार काढली. सबंध अल्युमिनियमचा सांगाडा असलेली, तीन लिटरांची, सहा सिलिंडरांची ही गाडी फेरारीशीं स्पर्धा करावी, पण किराणा आणावयासही उपयोगी पडावी, अशा बेतानें केलेली होती. ती सिद्ध होत असतां १९८९ सालीं सुझुका येथें आयर्टन सेन्ना यांनीं ती चालवून पाहिली आणि सांगाडा पुरेसा ताठ नाहीं असा अभिप्राय दिला. तेव्हां कारखान्याच्या लोकांनीं जर्मनींतील न्युर्बुर्गरिंगच्या अवघड मार्गावर महिनेच्या महिने काढून तो सुधारला. हिच्यावर टीका काय झाली? तर ती फार चांगली आहे, म्हणून तिला आत्मा नाहीं! रोज वेळेवर येणाऱ्या, दिलेला शब्द पाळणाऱ्या मित्रास निर्जीव म्हणावें आणि लहरी मित्राच्या लहरींतच त्याचें जिवंतपण पाहावें, तशांतला हा न्याय आहे. दुसऱ्याचा त्रास टाळण्यासाठीं ज्यानें आपल्या रात्री घालविल्या, त्याच्या कृतींत आत्मा नाहीं, हें कबूल करण्यास आमचें मन तयार नाहीं. तथापि विरुद्ध बाजूसही एक गोष्ट मान्य करावयास हवी. हातोडीनें ठोकलेल्या पत्र्यावर ठोकणाऱ्याच्या हाताची खूण राहते, आणि अशी खूण पाहतांना मनास जी जवळीक वाटते ती खोटी नसते. 'आत्मा' या शब्दानें संग्राहक जें चांचपडत असतात तें बहुधा हेंच असावें.

येथून मुख्य प्रश्नास हात घालतां येतो. खूण राहते ती द्रव्यांत. मग द्रव्य बदललें तर गाडी तीच राहते काय? प्रश्न जुना आहे. अथेन्सच्या लोकांनीं थीसियसचें जहाज जपलें, कुजलेली एकेक फळी काढून नवी बसविली, आणि तत्त्वज्ञांना वादाला विषय मिळाला, ही कथा प्लूटार्कनें सांगितली आहे. आपल्याकडे 'मिलिंदपञ्हो' ग्रंथांत भिक्षु नागसेन यांनीं रथांतून आलेल्या यवन राजासच विचारलें कीं, महाराज, आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? दांडी म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकास नाहीं म्हणत गेला, आणि अखेर 'रथ' हें या सर्वांच्या जुळणीस दिलेलें नांव आहे, एवढेंच त्यास कबूल करावें लागलें. आज तो प्रश्न केवळ शाब्दिक राहिलेला नाहीं. त्याच्या उत्तरावर लिलावांत लक्षावधि डॉलर इकडचे तिकडे होतात. मूळचें एंजिन व मूळचा सांगाडा एकत्र असलेली गाडी आणि एंजिन बदललेली गाडी यांच्या किंमतींतील अंतर म्हणजे नागसेनाच्या प्रश्नाला बाजारानें दिलेलें उत्तरच होय.

योगायोग असा कीं, ज्या दोन देशांच्या मोटारींचा आपण विचार करीत आहों, त्याच दोन देशांच्या नांवाशीं या प्रश्नावरील दोन प्रसिद्ध जाहीरनामे जोडलेले आहेत. पुरातन वास्तूंच्या रक्षणाविषयीं १९६४ सालीं व्हेनिस येथें एक सनद झाली. तिचा झोंक मूळ द्रव्याकडे : जुनें तें जुन्यासारखें राहूं द्यावें, नवें घालावें लागलें तर तें नवें म्हणून ओळखूं यावें, आणि तर्क सुरू होतो तेथें दुरुस्ती थांबवावी. पुढें तीस वर्षांनीं, १९९४ सालीं, जपानांत नारा येथें दुसरा लेख तयार झाला. अस्सलपणाची कसोटी सर्व संस्कृतींना एकच लावतां येत नाहीं. द्रव्याबरोबर आकृति, उपयोग, परंपरा आणि तंत्र यांचाही विचार व्हावा, असा त्याचा आशय. त्यामागें इसे येथील मंदिराची परंपरा उभी आहे हें सहज दिसतें. सातव्या शतकापासून हें मंदिर दर वीस वर्षांनीं शेजारच्या जागेवर नव्या लांकडानें जसेंच्या तसें बांधतात. देवाचीं वस्त्रें आणि शस्त्रेंही नव्यानें घडवितात. मध्ययुगांतील यादवीमुळें खंड पडला होता, तरी २०१३ सालीं बासष्टावी वेळ झाली. तेथें जें जुनें आहे तें लांकूड नव्हे, सुताराच्या हातांतील विद्या. पुरीच्या जगन्नाथाचे रथ दरवर्षीं नवे घडवितात हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांस यांत चमत्कारिक असें कांहीं वाटणार नाहीं.

मात्र यावरून इटली द्रव्यवादी आणि जपान विद्यावादी, अशी सोपी वांटणी करणें धोक्याचें आहे. व्हेनिसचाच सेंट मार्कचा मनोरा १९०२ सालीं कोसळला, आणि जेथें होता तेथें, जसा होता तसा, तो १९१२ पर्यंत पुन्हां बांधला. आज कोणीही त्यास नकली म्हणत नाहीं. उलट जपानांतील होर्यूजी मठांत तेराशें वर्षांपूर्वींचें लांकूड आजही भार वाहत उभें आहे. मोटारींचेंही तसेंच. होंडानें १९९३ पासून आपल्या 'एनएसएक्स' गाड्या परत कारखान्यांत घेऊन नव्यासारख्या करून देण्याची व्यवस्था केली. निसाननें २०१७ सालीं जुन्या 'जीटी-आर'चे बंद पडलेले भाग पुन्हां काढण्यास आरंभ केला. टोयोटानें २०२० सालीं '२००० जीटी'च्या गिअरांचे भाग पुन्हां घडविले. पण फेरारीनेंही २००६ सालीं जुन्या गाड्यांसाठीं खास विभाग उघडला, तेथें जुन्या नकाशांवरून नवे भाग ओततात आणि अस्सलपणाचें प्रमाणपत्रही देतात. आणि '२५० जीटीओ'ची जन्मकथा तर आपण वर पाहिलीच : नवें कवच चढविलें तरी गाडी तीच, हा तिच्या निर्मात्याचाच दावा होता; चार गाड्यांच्या अंगावरचें कवच त्यानें स्वतःच्या हातानें बदललें. ज्यांनीं ती केली त्यांना ती विजयाचें साधन होती; द्रव्याचें सोंवळें नंतरच्यांनीं निर्माण केलें.

येथें आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. द्रव्याचें महत्त्व नसेल तर नक्कल आणि अस्सल यांत भेद तो काय? कुशल कारागिरानें आज हुबेहूब '२५० जीटीओ' केली तर तिला अस्सल कां म्हणूं नये? बोलोन्याच्या न्यायालयानें २०१९ सालीं ही मोटार एक कलाकृति असल्याचें मानून तिच्या नकलांविरुद्ध तिच्या आकृतीस संरक्षण दिलें. परंतु तो हक्काचा प्रश्न झाला, सत्याचा नव्हे. आम्हांस वाटतें तें असें : खोटेपणा वस्तूंत नसतो, तिच्याविषयीं केलेल्या विधानांत असतो. इसेचें नवें मंदिर नकली नाहीं, कारण तें नवें आहे हें कोणी लपवीत नाहीं. आज घडविलेली गाडी 'आज घडविली' म्हणून उभी राहिली तर ती प्रामाणिक आहे. १९६२ ची म्हणून उभी राहिली तर तिचा प्रत्येक खिळा खोटी साक्ष देतो. आणि साक्ष हा शब्द आला म्हणजे द्रव्याचें खरें महत्त्व ध्यानांत येतें. मूळ पत्रा हा त्या दिवसाचा साक्षीदार आहे. त्यावरील पोंचा कोणत्या वळणावर पडला, ठोकणाऱ्याचा हात कोठें घसरला, हें तो सांगतो. पूर्वग्रंथाची उत्तम नक्कल मिळाली तरी हस्तलिखित फेंकून देत नाहींत, तें याच कारणासाठीं. न विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरेंही त्यांत दडलेलीं असतात. तेव्हां जुन्या मोटारींत दोन निराळीं मूल्यें एकत्र नांदतात : एक साक्षीचें, जें द्रव्यांत आहे आणि एकदां गेलें कीं परत येत नाहीं, दुसरें विद्येचें, जें करण्यांत आणि चालविण्यांत आहे आणि उपयोग थांबला कीं मरतें.

या दोन मूल्यांचें भांडण खरें आहे. त्यांत गोड समेट नाहीं. गाडी पळविली कीं टायर, क्लच, पिस्टन झिजतात, आणि झीज म्हणजे साक्षीचा नाश. १९५७ च्या मिल्ले मिल्या शर्यतींत ग्विदित्सोलोजवळ एक फेरारी उलटून चालक व त्याचा सहकारी यांच्यासह रस्त्याकडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक, त्यांत मुलेंही, प्राणास मुकले, आणि ती शर्यत त्या स्वरूपांत कायमची बंद झाली. तेव्हां 'पळविणें' म्हणजे काय याचें स्मरण ठेवूनच हें बोललें पाहिजे. उलट गाडी पळविली नाहीं तर? आमच्या बौद्ध नैयायिकांनीं, विशेषतः धर्मकीर्तीनें, सत्तेचें लक्षण अर्थक्रियासामर्थ्य असें सांगितलें आहे : जें कांहीं कार्य करूं शकतें तेंच खरोखर आहे. या कसोटीनें, हवा कोंडून ठेवलेल्या तळघरांतील मोटार ही मोटार उरते काय? तिचें तेल घट्ट होतें, रबर चिरतें, आणि तिला सुरू कसें करावें, ती उतारावर कशी वागते, हें जाणणारा शेवटचा माणूस एके दिवशीं जातो. मग उरतो तो मोटारीच्या आकाराचा ठेवीचा कागद. २०१३ सालीं जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें तूरिन येथें एक सनद स्वीकारली. वाहन चालतें ठेवणें हाही त्याच्या रक्षणाचाच भाग आहे, हें तत्त्व तिच्यांत मान्य केलें आहे. व्हेनिसची शिस्त आणि नाराची दृष्टि यांस एकत्र आणणारें हें वचन आम्हांस मोलाचें वाटतें.

असो. अशा या विचाराअंतीं आमच्या विद्यार्थ्यास आम्ही जें उत्तर लिहिलें त्याचा सारांश येथें देतों. इटालियन कीं जपानी, हा प्रश्न दुय्यम आहे. तूं जर मुख्यतः साक्ष जपणार असशील, तर जिच्या द्रव्यांत इतिहास सांठला आहे अशी मोटार घे, मग ती कोणत्याही देशाची असो. परंतु मग ती तुझी नव्हे, तूं तिचा विश्वस्त आहेस हें समजून अभ्यासकांस दार मोकळें ठेव, आणि एक खिळा बदललास तरी तारीखवार लिहून ठेव. तूं जर मुख्यतः विद्या जपणार असशील, तर जिचे भाग आजही घडतात, जी निर्धास्तपणें रस्त्यावर काढतां येते, अशी मोटार घे. तुझ्या परिस्थितींत ती बहुधा जपानी ठरेल. ती चालव, स्वतः उघड, स्वतः जोड, आणि शेजारच्या एखाद्या मुलास शिकव. टेक्सासच्या त्या हायस्कुलास मिळालेली फेरारी आज कोट्यवधींची आहे. पण ती मोटार म्हणून सर्वांत अर्थपूर्ण जगली ती कदाचित् त्या वर्गांतच. आणि तिसऱ्या कारणासाठीं, म्हणजे भाव चढेल म्हणून, ती घेऊं नकोस. त्यासाठीं सरकारी रोखे आहेत. त्यांना धांवण्याची इच्छा नसते. अपरिग्रहाचा उपदेश आम्ही केला नाहीं. ज्याचा परिग्रह करावयाचा त्याचें ऋणही पत्करावें लागतें, एवढेंच लिहिलें.

पत्र टपालांत पडल्यावर आमच्याच कपाटाकडे आमचें लक्ष गेलें. त्यांत 'विविधज्ञानविस्तारा'चे कांहीं जुने बांधीव खंड आहेत. कागद ठिसूळ झाला आहे म्हणून आम्ही ते कित्येक वर्षें कोणास हात लावूं दिलेले नाहींत, आणि खरें सांगावयाचें तर स्वतःही उघडलेले नाहींत. गेल्या पावसाळ्यांत एका विद्यार्थिनीनें त्यांतील एक खंड मागितला होता. आम्ही कांहीं तरी सबब सांगितली होती. परवां तिला निरोप धाडला. ती आली, टेबलावर स्वच्छ पंचा अंथरून आम्ही खंड तिच्यापुढें ठेविला, आणि दोन दिवस ती टिपणें काढीत असतां शेजारीं बसून राहिलों. तीन पानांच्या कडा तुटल्या. त्या कोणत्या, केव्हां आणि कशानें, याची नोंद करून ती चिठ्ठी खंडाच्या आंत ठेविली आहे.